पाच तारखेचा हप्ता

चार तारखेला आम्ही बँकेतून बाहेर पडलो तेव्हा तिनं पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "नीट बगा."

मी बघितलं. "बरुबर हाय."

"आकडा वाचा की. नुसतं बगून काय कळतंय?"

मी वाचला. तिनं पावतीची घडी करून पदराच्या गाठीत बांधली. मग समोरच्या टपरीवर एक चहा दोघांत घेतला. कप तिला, बशी मला. मला धीर नसतो, कपातनं प्यालो की जीभ भाजून घेतो. तिच्या डाव्या हातात कप होता आणि उजव्या हाताची बोटं रिकामीच चालली होती. अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता, बिडी वळताना फिरतो तसा. पन्नास वर्षं बिडी वळलेल्या बाईची बोटं गप बसत नाहीत. दवाखान्यात, देवळात, माझ्याशी भांडताना, सगळीकडं चालूच. तुम्ही सोलापूरकडचे असाल तर अशी बोटं बघितली असतील. नसाल, तर एकदा कुंभारीच्या बसमध्ये बसा आणि बायकांच्या हातांकडं बघा.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं साधं काम. खात्यात हप्त्याचे पैसे भरले आणि चहा प्यालो. माहीत असतं तर दोन चहा घेतले असते.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. बँकेतल्या मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, "काका, पत्नीचं नाव?" मी हिच्याकडं बघत बसलो. ही म्हणाली, "सांगा की. फारमाला कसली लाज?" तरी माझ्या तोंडातनं निघेना. शेवटी तिनंच स्वतःचं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "आणि काकांचं?" तर ही पदर तोंडाला लावून म्हणते, "त्येंचं तेवढं त्येस्नीच इचारा." मॅडम म्हणाल्या, "असं असेल तर फॉर्म भरायला दोन दिवस लागतील."

त्या फॉर्मची गोष्ट सांगतो. त्यात माझी अक्कल किती, हे तुम्हाला कळेलच.

मी चौथी नापास. चादरीच्या कारखान्यात मागावर उभा राहून जन्म गेला. कारखाना बंद पडला तेव्हा माझा तीन महिन्यांचा पगार मालकाकडं अडकला, तो कायमचा. तेव्हापासून मी एक शहाणपण शिकलो, की हातातला पैसा तेवढा आपला. महिन्याच्या एक तारखेला पेन्शन खात्यात पडली की मी पहिल्या बसनं जायचो, सगळी काढायचो आणि घरातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. खात्यात मागं पाच रुपये ठेवायलासुद्धा माझा जीव व्हायचा नाही.

पाचेक वर्षांपूर्वी आम्ही फ्रिज घेतला. बारा हप्ते. दुकानदारानं सांगितलं, "काका, पाच तारखेला खात्यातनं आपोआप कटतील." मी मनात म्हटलं, माझे पैसे आपोआप कटायला मी काय मेलोय? एक तारखेला नेहमीसारखं खातं पुसून घ्यायचो. पाच तारखेला हप्ता यायचा आणि रिकाम्या हातानं परत जायचा. आठ-दहा तारखेला मी धुतलेला शर्ट घालून, डब्यातले पैसे घेऊन दुकानात जायचो आणि रोख मोजून द्यायचो. दुकानदार वर थोडे जास्त घ्यायचा. मला वाटायचं, पावतीचे असतील.

बारा महिने हे चाललं. अख्ख्या गल्लीत मी सांगत फिरायचो, "आपण एक हप्ता बुडवला न्हाय. सगळं रोख, समोरासमोर."

ही तेवढं म्हणायची, "ते जास्तीचं पैसं कशाचं घेत्यात, इचारा तरी." मी म्हणायचो, "तुला काय कळतंय बँकेतलं?" मला मात्र सगळं कळत होतं.

पुढं तिचा खोकला वाढला. तंबाखूची धूळ पन्नास वर्षं छातीत गेलेली. डॉक्टर म्हणाले, बिडी बंद करा, नाहीतर छाती बंद पडेल. ती घरी येऊन म्हणाली, "बिडी सोडीन की. पण मग खाऊ काय? माझी बोटं कुटं ठिऊ?"

उत्तर तिनंच शोधलं होतं. तिच्या हातची शेंगा चटणी लई नामी. उखळात कुटायची, तेल सुटेपर्यंत. शेजारपाजारचे लोक पुण्याला जाताना पाव किलो बांधून न्यायचे. तिला कांडप यंत्र घ्यायचं होतं. घरातच चटणी कुटायची, पुड्या करायच्या, दुकानात द्यायच्या. बिडीचं सूप एकदाचं मांडीवरनं खाली ठेवायचं आणि तंबाखूचं तोंड बघायचं नाही. त्यासाठी कर्ज पाहिजे होतं. म्हणून आम्ही मॅडमसमोर बसलो होतो.

तिच्या नावावर कधी कर्ज नव्हतं, त्यामुळं बँकेला तिची ओळखच नव्हती. म्हणून कर्जात मी जोडीला पाहिजे होतो. मॅडमनी माझा नंबर टाकला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "काका, तुमचा क्रेडिट स्कोअर पाचशे ऐंशी आहे."

मी विचारलं, "कितीपैकी?"

"नऊशेपैकी."

"मग साठ टक्क्याच्या वर हाय की! फस्ट क्लास!"

जन्मात पहिल्यांदा पास झालो होतो. मी हिच्याकडं ऐटीत बघितलं. ती मॅडमच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिला माझ्या आधी कळलं.

मॅडमनी समजावून सांगितलं. सातशेच्या वर पाहिजे. माझे बाराच्या बारा हप्ते परत गेलेले, एकही तारखेला पोचलेला नाही. शिवाय दंडाचे काही पैसे अजून माझ्या नावावर लोंबकळतायत. मी आवाज चढवला. "मी रोख भरल्यात! पावत्या हायत माझ्याकडं!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "भरलेत, काका. पण उशिरा. यंत्राला तुमचा शर्ट दिसत नाही, फक्त तारीख दिसते."

बाहेर आल्यावर मी बँकेला, यंत्राला, मॅडमला, सगळ्यांना शिव्या घातल्या. ही ऐकत होती. माझ्या शिव्या संपल्यावर म्हणाली, "आमच्या बिडी कंपनीच्या ब्रांचला चेकर असतुया. रोज हजार बिड्या नेऊन दिल्या की तो मूठभर उचलून बगतो. महिनाभर चांगला माल दिला तर डोळं झाकून घेतो. एक दिस घाण माल गेला की म्होरं महिनाभर बिडी-बिडी दाबून बगतो, आन निम्मी छाट म्हणून फेकतो. मी तितं भांडत बसत न्हाय. दुसऱ्या दिवशी चांगल्या बिड्या घिऊन जाते."

"मग?"

"मग काय? बारा म्हयनं तुमी घाण माल दिलाय. आता बारा म्हयनं चांगला द्या."

मॅडमनी तासभर सांगितलं ते मला कळलं नव्हतं. हे लगेच कळलं. पण कळलं असं तिला दाखवलं नाही. पुरुष माणूस.

उलट मी दुसरंच केलं. त्या आठवड्यात आणखी चार ठिकाणी जाऊन कर्ज मागितलं. म्हटलं, एक बँक नाही म्हणाली म्हणून काय झालं? चौघांनी माझा नंबर टाकला, चौघं नाही म्हणाले. मॅडमनी परत बघितलं तेव्हा आकडा आणखी खाली. मी विचारलं, "आता काय केलं मी?" त्या म्हणाल्या, "काका, एकाच आठवड्यात पाच दारं वाजवली तर ह्याला पैशाची फार नड आहे असं दिसतं." ही म्हणाली, "दिसतं काय? हायच की नड. पर गावभर सांगायची असती व्हय?"

तरी माझं भागलं नाही. बाजारात एक गाळा होता. बाहेर पाटी, 'स्कोअर वाढवून मिळेल'. आत टाय लावलेला एक पोरगेला माणूस. म्हणाला, "अंकल, दोन हजार द्या, महिन्यात साडेसातशे करून देतो." मी डब्यातले दोन हजार नेऊन दिले. हिला सांगितलं नाही. म्हटलं, साडेसातशे झाले की मग सांगू.

तिला डबा उचलल्यावरच कळलं. ती माझ्यावर ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी सूप, पानं आणि तंबाखू घेऊन त्या गाळ्यावर गेली आणि दाराच्या मधोमध बसून बिड्या वळायला लागली. तो म्हणाला, "मावशी, इथं काय?" ही म्हणाली, "काय न्हाय बाबा. आमचा आकडा वाढायची वाट बगतीया. वाढला की उठते." गिऱ्हाईक आलं की तंबाखूनं शिंकायचं आणि विचारायचं, "मावशी, तुम्ही कोण?" ही सगळं सांगायची, अगदी फ्रिजपासून. दुपारपर्यंत त्यानं दोन हजार रुपये तिच्या सुपात टाकले. तोवर चारशे बिड्या वळून झाल्या होत्या. मी समोरच्या रसवंतीच्या आडोशाला उभा राहून बघत होतो. तिनं मला बघितलं होतं. येताना म्हणाली, "तुमी रस पिला का नुसतंच हुबं व्हता?"

त्यानंतर मी गप बसलो आणि तिनं काम हातात घेतलं.

आधी फ्रिजचा जुना दंड. वसुलीवाल्याचा फोन आला, म्हणाला, अर्धे द्या, मिटवून टाकू. मला अर्धे म्हटल्यावर केवढा आनंद झाला! हिनं माझ्या हातातनं फोन घेतला. "मिटवून टाकू म्हंजी कागदावर काय लिवणार? पुरं भरलं असं लिवणार का अर्ध्यात सोडलं असं?" तो चाचरायला लागला. ही म्हणाली, "मग पुरं घ्या. आन पुरं भरल्याचं पत्र द्या." ते पत्र अजून देव्हाऱ्यात आहे.

मग मॅडमच्या सांगण्यावरून बारा हप्त्यांवर मिक्सर घेतला. हप्ता पाचशे बासष्ट. मिक्सर आम्हाला नकोच होता. कर्ज मिळावं म्हणून कर्ज काढायचं होतं. ही गोष्ट मी गल्लीत कुणाला समजावून सांगू शकलो नाही. मला तरी कुठं समजली होती? मिक्सर घरी आला तो खोक्यातच राहिला. मी म्हटलं, "निदान चटणी तरी करून बग." ती म्हणाली, "शेंगा चटणी कुटायची असती, दळायची न्हाय." हळदीकुंकू लावून खोकं फळीवर ठेवलं.

आणि माझा डबा तिनं रिकामा केला. चिल्लरसकट सगळं खात्यात. एक तारखेच्या बसची मला बंदी झाली. चार तारखेला दोघांनी बँकेत जायचं आणि खात्यात पुरेसे आहेत का बघायचं, कमी असले तर भरायचे. "पाच तारीख जाईपतूर हात लावायचा न्हाय. घर जळालं तरी न्हाय." मी म्हणायचो, "घर जळाल्यावर फ्रिजपण जळंल, मग बरं व्हईल."

पाच तारखेची सकाळ म्हणजे आमच्याकडं सण. ती दारात सूप घेऊन बसायची, मी मोबाईल घेऊन तिच्या शेजारी. नऊच्या सुमाराला तो टिंग करायचा. ती मान वर न करता विचारायची, "कटला का?"

"कटला."

"नीट बगा."

मी चष्मा चढवून आकडा वाचून दाखवायचो. "पाचशे बासष्ट." मग ती एक बिडी बाजूला काढून मला द्यायची. महिन्यात तेवढी एकच, बक्षीस म्हणून. डॉक्टरनं मलाही बंदी केली होती, पण ती म्हणायची, चांगल्या मालाला कायतरी मिळाया पायजे.

अकरा हप्ते असे गेले. सुरुवातीला तर मी रात्री स्वप्नात एटीएमला जायचो. सवय फार वाईट. पण हळूहळू आकडा वर चढायला लागला. सहाशे दहा. सहाशे चाळीस. सहाशे ब्याऐंशी. मॅडम म्हणाल्या, "बारावा गेला की थोड्या दिवसांनी या. सातशे ओलांडेल असं वाटतं." त्या दिवशी हिनं परत येताना कांडप यंत्राच्या दुकानासमोर मला दहा मिनिटं उभं केलं. आत गेली नाही. म्हणाली, "आत गेलं की इचारत्यात. पैसं आलं की मगच जायचं."

आणि मग ती चार तारीख, जिथनं मी सुरुवात केली.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटाला मला एकच गोष्ट सांगायची राहील. महिन्याभरानं मॅडमचा फोन आला. आकडा सातशे अठरा. "काका, अर्ज करायचा का?" मी म्हटलं, "कांडपावर कोण बसणार, मॅडम?" हल्ली कुठल्या कुठल्या कंपन्यांचे फोन येतात. गोड आवाजाची पोरगी म्हणते, "सर, तुमचा रेकॉर्ड खूप छान आहे, तुम्हाला लोन मंजूर आहे." मी सांगतो, "बाई, तो रेकॉर्ड माझा न्हाय, माझ्या बायकोचा हाय. माझा पाचशे ऐंशीच." फोन कट होतो. मिक्सर अजून खोक्यात आहे.

त्या चार तारखेला संध्याकाळी ती उखळ घेऊन बसली होती. एका दुकानदारानं नमुना मागितला होता. चार घाव घातले आणि थांबली. म्हणाली, "पाणी आना जरा." मी पाणी आणलं तेव्हा ती भिंतीला टेकली होती. शेजारच्या रशीदनं टेम्पो काढला. दवाखान्यात पोचलो, पण उगीच पोचलो. रात्री त्याच टेम्पोतनं तिला घरी आणलं.

पहाटे सांगोल्याहून तिचा भाऊ आला. शेरडं राखणारा माणूस, अंगावरच्या कपड्यानिशी निघालेला. उजाडल्यावर लाकडांचा, गाडीचा, सामानाचा विषय निघाला. तीन हजार तरी लागणार होते. मी सवयीनं उठून डबा उघडला. डबा रिकामा. तिनंच केला होता.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, खात्यात किती हायत?"

"साडेतीन हजार."

"मग कार्ड द्या. मी घिऊन येतो."

साडेतीन हजारातले तीन गेले की पाचशे राहतात. हप्ता पाचशे बासष्टचा. बासष्ट रुपये कमी. आणि तो बारावा. हा हिशेब मी चौथी नापास माणसानं, ती घरात पडलेली असताना, एका दमात केला. माझी मला लाज वाटली, पण झाला.

मी म्हटलं, "न्हाय. त्येला आज हात लावायचा न्हाय. आज पाच तारीख हाय."

मेव्हणा माझ्याकडं बघतच राहिला. "दाजी, माज्या भैनीच्या लाकडाला पैसं न्हाईत व्हय तुमच्याकडं? खात्यात ठिऊन काय करणार हाय तुमी आता?"

त्याचं खरंच होतं. कांडप यंत्र कशाला, आकडा कशाला, हप्ता तरी कशाला? जन्मभर जो माणूस एक तारखेला खातं पुसायला धावायचा, त्याला काढायचं खरं कारण मिळालं त्याच दिवशी तो अडून बसला. बायका कुजबुजायला लागल्या. एक म्हणाली, "म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं." दुसरी म्हणाली, "फिरलं कसलं? चिक्कट हाय पैल्यापासनं." कुणाला काय सांगणार? तिनं सांगितलंय, घर जळालं तरी हात लावायचा नाही, असं सांगितलं असतं तर त्यांनी मलाही टेम्पोत घातलं असतं.

मी बाहेर रशीदकडं गेलो. जन्मात कुणाकडं हात पसरला नव्हता, त्याचा मला केवढा माज. म्हटलं, "रशीद, तीन हजार दे. परवा देतो."

त्यानं खिशातनं काढून माझ्या हातात कोंबले. मोजलेसुद्धा नाहीत. "रखो चाचा. परवा का क्या लगाए? चाची के वास्ते हैं."

मेव्हणा पैसे घेऊन लाकडाच्या वखारीकडं गेला. मी आत आलो. बायकांनी तिला आंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं होतं. कपाळभर कुंकू. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो, दारात बसायचो तसाच. सगळे मला रडायला सांगत होते. मी तिच्या उजव्या हाताकडं बघत होतो. अंगठा पहिल्या बोटावर टेकलेला, आणि फिरत नव्हता. इतक्या वर्षांत ती बोटं गप बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

नऊच्या सुमाराला माझ्या खिशात टिंग झालं.

मी मोबाईल काढला, तिच्या कानाशी वाकलो आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं, "कटला."

ती काही बोलली नाही. मी थोडा वेळ थांबलो. मग खिशातनं चष्मा काढला, डोळ्याला लावला आणि आकडा नीट बघितला.